गुठळी उजवीकडे, लुळा हातही उजवाच: अडकलेल्या क्लेमचा माझा अनुभव

‘आजाराची बाजू आणि लक्षणांची बाजू जुळत नाही, खुलासा द्या.’ विमा कंपनीच्या एवढ्या एका क्वेरीवर, म्हणजे लेखी विचारणेवर, रामबागेतल्या एका काकांचा क्लेम अडकला. मी इंदूरमध्येच हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर फाइली बघते. असा क्लेम कसा सोडवायचा ते लिहून ठेवते आहे, कारण घरचे लोक यात उगीच भरडले जातात.

भरती, सीटी स्कॅन, कवटीला भोकं पाडून रक्त काढणं, सगळं सुरळीत झालं. डिस्चार्ज समरीत लिहिलं होतं: उजवीकडे सबड्युरल हिमाटोमा (मेंदूवरच्या आवरणाखाली साचलेली रक्ताची गुठळी), उजव्या हातापायात कमजोरी. क्लेम तपासणाऱ्याने नियम लावला की मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, तेव्हा दोन्हींपैकी एक बाजू चुकली आहे. नियम खराच आहे. हातपाय हलवणाऱ्या तंतूंपैकी साधारण ८५ ते ९० टक्के तंतू लंबमज्जेच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या तळच्या भागाच्या, खालच्या टोकाशी बाजू बदलतात.

पण दाब कुठे पडला, हे बघायला हवं होतं. उजवीकडची गुठळी मोठी झाली की मेंदू डावीकडे सरकतो. मग मेंदूच्या देठाचा डावा खांब, म्हणजे पेडंकल, टेन्टोरियम नावाच्या ताठ पडद्याच्या कडेवर दाबला जातो. त्या खांबातले तंतू अजून बाजू बदलायचे असतात. ते खाली जाऊन उजवीकडे वळतात. म्हणून लुळा पडतो उजवाच हात. कर्नोहन आणि वोल्टमन या डॉक्टरांनी १९२९ मध्ये हे वर्णन केलं. दाबामुळे खांबावर पडणाऱ्या खाचेला कर्नोहन नॉच म्हणतात. सीटी नव्हता तेव्हा नुसत्या कमजोरीवर भरवसा ठेवला तर कवटी भलत्याच बाजूला उघडली जाण्याचा धोका होता. डोळ्याची बाहुली मात्र बहुधा गुठळीच्याच बाजूची मोठी होते.

यावर फोनवरून सल्ला मिळाला: समरीत ‘उजवा’चं ‘डावा’ करून पाठवा, क्लेम लगेच सुटेल. हे कधीही करू नका, हॉस्पिटललाही करू देऊ नका. नर्सिंग नोट्स, फिजिओथेरपीचा कागद, भरतीच्या वेळची तपासणी, सगळीकडे ‘उजवा’ असतं. एक शब्द बदलला की खरी फाइल खोटी ठरते आणि क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. पुढचा डॉक्टरही तोच कागद वाचून उपचार ठरवणार.

खुलासा ऑपरेशन करणाऱ्या न्यूरोसर्जनकडूनच घ्या: लेटरहेडवर, सही, तारीख आणि नोंदणी क्रमांकासह. ऑपरेशन कोणत्या बाजूला झालं, भरतीच्या वेळी कोणता हातपाय किती कमजोर होता (ताकदीचा ० ते ५ हा दर्जा), बाहुल्या कशा होत्या, सीटीत मेंदू किती मिलिमीटर सरकला होता, हे सगळं त्यात हवं. शेवटी ‘दोन्ही बाजू तपासून बरोबर लिहिल्या आहेत’ हे वाक्य हवंच. सोबत सीटीचा रिपोर्ट आणि ओटी नोट (ऑपरेशनची नोंद) जोडा.

एमआरआय झाला असेल तर रेडिओलॉजिस्टना विरुद्ध बाजूचा पेडंकल पुन्हा बघायला सांगा. तिथला डाग बारीक असतो, पहिल्या रिपोर्टमध्ये सुटू शकतो. दिसला तर पुरवणी रिपोर्ट मिळतो. काकांच्या फाइलला त्यानेच जोर आला आणि क्लेम मंजूर झाला. मला मनापासून हायसं वाटलं.

तंतू बाजूच बदलत नाहीत असा जन्मजात आजारही आहे. आरओबीओ३ या जनुकातल्या दोषामुळे मुलाला डोळे आडवे फिरवता येत नाहीत आणि पाठीचा कणा वाकत जातो. कण्याच्या ऑपरेशनआधी मॉनिटरिंग करणाऱ्यांना, म्हणजे ऑपरेशन चालू असताना मेंदू ते पाय सिग्नल तपासणाऱ्यांना, हे सांगा, कारण मेंदूच्या उजव्या बाजूला दिलेला सिग्नल उजव्याच पायात उमटतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती गेली की कॅशलेसची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी, असं आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेचं २०२४ चं परिपत्रक सांगतं. म्हणून क्वेरी लेखी मागा, तोंडी ऐकून घेऊ नका. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर मध्य प्रदेशासाठीचा विमा लोकपाल भोपाळला आहे. तिथे न्यायची फाइल म्हणजे सर्जनचं हेच पत्र आणि न बदललेली समरी.