सान लोरेन्झोत, स्टेनोच्या समाधीपाशी

फ्लॉरेन्सला गेलं की लोक आधी उफ्फिझी कलादालनाच्या रांगेत उभे राहतात. मी खोलीवर सामान टाकून थेट सान लोरेन्झोचं चर्च गाठलं. खालचा थर जुना, वरचा नवा. हा खडकांचा नियम भूशास्त्राच्या सरांनी सिंहगडाच्या घाटात बेसॉल्टच्या थरांवर बोट ठेवून शिकवला, आणि तो मांडणारा नील्स स्टेन्सन, म्हणजे आमचा स्टेनो, इथे चिरविश्रांती घेतोय.

चर्चचं तोंड ओबडधोबड दगडाचं. त्यावर संगमरवर चढवायचं राहूनच गेलं. आत करड्या वालुकाश्माचे खांब. या दगडाला इथे पिएत्रा सेरेना म्हणतात. हात लावून पाहिला: गार, बारीक दाण्याचा.

स्टेनो १६३८ साली कोपनहेगनमध्ये एका सोनाराच्या घरी जन्मला. गालातली लाळेची नळी त्याने शोधली, हृदय हा स्नायूच आहे हे दाखवून दिलं. मग १६६६ साल आलं. त्या वर्षी लिव्होर्नो बंदरात त्याने ख्रिस्तप्रसादाची मिरवणूक पाहिली आणि मनात श्रद्धेचा प्रश्न घर करून बसला. त्याच शरद ऋतूत लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क सापडला आणि इथल्या ड्यूकने त्याचं डोकं स्टेनोकडे धाडलं. दात पाहताच त्याला खडकांत सापडणारे 'जिभेचे दगड' आठवले. लोक त्यांना सापांच्या दगड झालेल्या जिभा समजत. ते शार्कचेच दात असतील, तर आज डोंगर आहे तिथे कधीकाळी समुद्र होता!

१६६७ च्या नोव्हेंबरात लुथेरन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचा स्टेनो कॅथलिक झाला. १६६९ साली थरांवरचं त्याचं पुस्तक आलं. नावातच त्याने ते पुढच्या मोठ्या ग्रंथाची नांदी असल्याचं म्हटलं होतं. तो ग्रंथ कधीच आला नाही. १६७५ मध्ये तो धर्मगुरू झाला, दोन वर्षांनी बिशप, आणि उत्तर जर्मनीत निघून गेला.

त्या न लिहिलेल्या ग्रंथाची हळहळ मला आजही वाटते. विज्ञान सोडून धर्माकडे वळला म्हणून स्टेनोवर असलेला माझा राग मात्र त्याच्या अखेरच्या वर्षांबद्दल वाचलं तेव्हा गळून पडला. गरिबांसाठी त्याने बिशपची अंगठी आणि क्रूससुद्धा विकला. उपासतापासांनी शरीर पार झिजवलं आणि १६८६ साली, पन्नाशीही न गाठता, श्वेरिनमध्ये गेला. इथला ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याने त्याचा देह इथे आणवला.

चर्चच्या ओवऱ्यांत त्याचा अर्धपुतळा आहे. १८८१ च्या बोलोन्या परिषदेला आलेल्या भूशास्त्रज्ञांच्या आदराची ती खूण. आपल्याच पेशातल्या माणसांनी केलेलं काम पाहून ऊर भरून आला.

देह मात्र आतल्या छोट्या चॅपेलमध्ये, जुन्या रोमन दगडी पेटीत आहे. १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. पेटीवर घडी घातलेल्या चिठ्ठ्या पडल्या होत्या. मी उभा असतानाच एक आजी आल्या, पर्समधून कागद काढून पेटीवर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून तळहाताने दाबला आणि डोळे मिटून घेतले. मी दोन पावलं मागे सरकलो.