दक्षिण जिंकली असती तर? आधी तिची राज्यघटना वाचा

अमेरिकेच्या दक्षिणेत राहायला आलं की एक प्रश्न वारंवार कानावर पडतो: १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिण जिंकली असती तर? आपल्याकडे पानिपताची चर्चा रंगते तशी इथे त्या युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईची. दक्षिणेचा सेनानी जनरल ली याचा १९१ क्रमांकाचा हुकूम, म्हणजे सैन्याच्या हालचालींचा बेत, सप्टेंबर १८६२ मध्ये उत्तरेच्या सैनिकांना सापडला नसता तर काय झालं असतं, यावर लोक तासन् तास बोलतात. पण लढाई जिंकल्यावर देश कसा चालला असता, हे युद्धाच्या नकाशात मिळत नाही. फुटून निघालेल्या राज्यांनी ११ मार्च १८६१ रोजी अलाबामातल्या मॉन्टगोमेरीला आपली कायमची राज्यघटना मंजूर केली. तो काल्पनिक देश उभा करायचा तर सुरुवात तिथूनच करावी.

ही घटना बरीचशी अमेरिकेच्या घटनेवरूनच घेतलेली आहे. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचा आणि फक्त बदललेलं टिपून घ्या. पहिल्या अनुच्छेदाचा नववा विभाग सांगतो की गुलामांवरचा मालकीहक्क नाकारणारा किंवा कमी करणारा कायदा संसदेला करता येणार नाही. चौथ्या अनुच्छेदानुसार मालकाला आपले गुलाम घेऊन कुठल्याही राज्यात जाता येईल, मुक्काम करता येईल, आणि नव्याने मिळवलेल्या प्रदेशात गुलामगिरीला सरकारी संरक्षण राहील. युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होतं, असं इथे अजूनही ऐकू येतं. पण नेमक्या याच बाबतीत घटनेने राज्यांचे हात बांधले होते. एखाद्या राज्याने उद्या गुलामगिरी बंद केली असती, तरी शेजारच्या राज्यातला मळेवाला आपले गुलाम घेऊन तिथे मुक्कामाला आलाच असता.

म्हणूनच कल्पित इतिहासात ‘पुढे वीस-पंचवीस वर्षांत दक्षिणेने गुलामगिरी आपणहून सोडली’ असं एका वाक्यात उरकलेलं दिसलं की ते पटत नाही. घटनादुरुस्तीसाठी आधी तीन राज्यांनी अधिवेशनाची मागणी करायची, मग दोन तृतीयांश राज्यांनी मान्यता द्यायची. अकरा राज्यं धरली तर आठ. म्हणजे चार राज्यं अडून बसली की विषय संपला. १८६० च्या जनगणनेत या अकरा राज्यांत सुमारे ३५ लाख माणसं गुलाम होती. दक्षिण कॅरोलायना आणि मिसिसिपीत तर निम्म्याहून जास्त लोकसंख्या. ही राज्यं कोणाच्या सांगण्यावरून वळली असती? मार्च १८६५ मध्ये, पराभव दारात उभा असताना, कृष्णवर्णीयांना सैन्यात घेण्याचा कायदा झाला, तोही त्यांना मुक्त न करता. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी तर २१ मार्च १८६१ रोजी सव्हानाच्या भाषणात उघडच सांगितलं होतं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच नव्या सरकारची कोनशिला आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. दक्षिण टिकली असती तर त्या साली ही लाखो माणसं आणि त्यांची मुलं लिलावाच्या ओट्यावरच उभी असती. त्यांना वगळून केलेली कोणतीही कल्पना अपुरी, आणि आमच्या मते अन्यायाची.

आता राजकारण. अध्यक्षाला एकच सहा वर्षांची मुदत, पुन्हा उभं राहता येणार नाही. जेफर्सन डेव्हिस यांनी कायम अध्यक्ष म्हणून २२ फेब्रुवारी १८६२ ला रिचमंडमध्ये शपथ घेतली, म्हणजे १८६७ च्या निवडणुकीत ते नसतेच. राजकीय पक्ष नव्हते. त्यामुळे विरोध संघटित न होता गव्हर्नरांभोवती गोळा व्हायचा. जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राउन सक्तीच्या लष्करभरतीवरून ऐन युद्धात डेव्हिस यांच्याशी भांडत राहिले. त्यातच ऑक्टोबर १८६२ च्या कायद्याने वीस गुलामांमागे एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट मिळाली आणि छोटे शेतकरी संतापले. बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता, हे विसरू नये. हे तंटे मिटवणार कोण? सर्वोच्च न्यायालयाची तरतूद घटनेत होती, पण ते न्यायालय कधी स्थापनच झालं नाही. शांतता झाल्यावर राज्य विरुद्ध मध्यवर्ती सरकार हे पहिलंच मोठं भांडण ठरलं असतं.

पैशाचं गणित त्याहून बिकट. देशी उद्योगांना आधार देणारी जकात लावायला घटनेची मनाई, व्यापाराच्या सोयीसाठी मध्यवर्ती खजिन्यातून बांधकामं करायलाही मनाई. अपवाद दीपगृहं, बंदरं, नदीतले अडथळे काढणं अशा जलवाहतुकीच्या कामांचा. टपालखात्याने १ मार्च १८६३ पासून स्वतःचा खर्च स्वतः भागवायचा. रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतरही सगळीकडे एक नव्हतं: व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायनात बरेच मार्ग ४ फूट साडेआठ इंचांचे, बाकी दक्षिणेत बहुतेक ५ फुटांचे. जोडणीच्या गावात माल उतरवून पुन्हा भरायचा. प्रत्यक्षात हे रूळ १८८६ च्या मे-जूनमध्ये दोन दिवसांत सरकवले गेले, पण ते एकसंध अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी, उत्तरेशी गाड्या जोडायच्या म्हणून.

उरतो कापूस. युद्धात नाकेबंदी झाल्यावर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांनी भारतीय कापूस उचलला, मुंबईत पैसा वाहिला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार आणि बॅक बेच्या समुद्रात भराव घालून जमीन करू पाहणाऱ्या कंपनीसह सगळं कोसळलं. दक्षिण १८६२ मध्ये जिंकली असती तर ती तेजी इतकी फुगलीच नसती. आणि या एकपिकी देशाचं पुढे काय? १८९२ मध्ये मेक्सिकोकडून टेक्ससमध्ये बोल वीव्हिल शिरला. हा बोंडात अंडी घालणारा सोंडकिडा. आपली बोंडअळी वेगळी. तो वर्षागणिक पूर्वेकडे सरकत गेला. अलाबामातल्या एंटरप्राइज गावचे शेतकरी त्याच्यामुळे भुईमुगाकडे वळले आणि १९१९ मध्ये त्याचं स्मारकही उभारलं. गुलामांच्या किमतीत आणि कापसाच्या उधारीत सगळं भांडवल अडकलेल्या मळेवाल्याला असं वळणं सोपं नव्हतं, आणि १८६१ ची घटना तशीच राहिली असती तर मध्यवर्ती सरकारलाही त्याच्यासाठी फारसं काही करता आलं नसतं.