बाप सुरतले गया
२६ मार्च २०२४, धुळवडीचा दुसरा दिवस. मी धुळ्यात स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतो. निम्मी पोरं गायब, आलेल्यांच्या कानामागे गुलाबी रंग तसाच. तीनच दिवसांपूर्वी ‘आयएनएस कोलकाता’ ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईला लागली होती, म्हणून तोच विषय काढला.

फळ्यावर नेहमीचं लिहिलं : १९९१ मध्ये सोमालियात सियाद बार्रेचं सरकार कोसळलं, किनाऱ्याला राखणदार उरला नाही, परदेशी ट्रॉलर मासळी खरवडून नेऊ लागले, मग कोळ्यांनी बंदुका उचलल्या. काही टोळ्या तर स्वतःला तटरक्षकच म्हणवत.

मागच्या बाकावरचा तापीकाठचा पोरगा एरवी तोंड उघडत नाही. तो म्हणाला, “सर, आमच्याकडे असंच झालं. पाण्याचा ठेका बाहेरच्याने घेतला, बाबांचं जाळं ओढून नेलं.”

शेजारचा लगेच, “मंग तुना बापनी कोनले धरं?”

वर्ग हसला.

“कोनलेच नही. बाप सुरतले गया. साडीना पार्सल बांधस.”

खडू हातात तसाच राहिला. इतकी वर्षं मी ‘मासळी गेली, चाचे झाले’ एवढंच शिकवत होतो. मासळी तर याचीही गेली. पण इथे अर्ज घ्यायला तहसील आहे (पुढे त्याचं काय होतं ते सोडा) आणि सुरतेला जायला गाडी आहे. सोमालियाच्या पुंटलँड भागात किनाऱ्यावर होत्या यादवीतल्या बंदुका, समोरून जाणारी मालाची जहाजं आणि पैसे लावणारे सावकार. होडी, डिझेल, नशेसाठी चघळायला खातची पानं, सगळं त्यांच्या भांडवलावर नाहीतर उधारीवर. खंडणी आली की मोठा वाटा सावकाराचा. जहाजावर पहिला चढेल त्याला थोडं जास्त. मासळीचं निमित्त केव्हाच मागे पडलं होतं. मासे न धरणारेही त्यात उतरले.

“मग मध्ये बंद कसं झालं होतं?” पहिल्या बाकावरून प्रश्न.

२०११ मध्ये सोमाली चाच्यांचे २३७ हल्ले नोंदले गेले. पुढे जहाजांवर बंदूकधारी पहारेकरी आले, नौदलांची गस्त वाढली आणि धंदा बसला. किनाऱ्यावरचं दैन्य तसंच. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे सगळ्यांचं लक्ष तांबड्या समुद्राकडे वळलं आणि १४ डिसेंबरला ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवलं गेलं. हे ३५ जण त्याच जहाजावरचे.

सुट्टीत तो पोरगा वही घेऊन आला. “सर, उत्तरात ‘सावकार’ लिहू का ‘वित्तपुरवठादार’?”

“परीक्षेत वित्तपुरवठादार लिही.”

त्याने दोन्ही लिहिलं.