पेला हिसकावून घेतला तो दिवस

आमच्या घरी ‘सिस्टर’ म्हटलं की मठातल्या सिस्टर. इथे धुळे जिल्ह्यात, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, मीच सिस्टर. मी मूळची श्रीरामपूरकडची, कॅथलिक घरातली. रविवारच्या शिकवणीला मठातल्या सिस्टर दयेची सात कामं आमच्याकडून बोटांवर मोजून घ्यायच्या : भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, बेघराला आसरा, आजाऱ्याची सेवा, कैद्याची भेट, मेलेल्याला माती. पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानातल्या २५ व्या अध्यायातली, सातवं तोबीतच्या पुस्तकातून आलेलं. (शेजारच्या प्रोटेस्टंट मैत्रिणीच्या बायबलात तोबीत नव्हतंच. त्यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची.) दुसरं काम मला सगळ्यांत सोपं वाटायचं. पाणी काय, कुणीही देतं. खानदेशात तर दारात आलेल्याच्या हातात आधी तांब्या येतो, ‘कोण गाव’ नंतर.

मे महिना होता, पारा ४५ च्या पुढे. दुपारी दोनच्या सुमाराला एका छोट्या हत्तीतून चौघांनी एका तरुणाला आणलं. विहिरीच्या खोदकामावरचा गडी. खालून आलेला मुरूम वर ओढून रिकामा करायचं काम, सकाळपासून उन्हात. आधी बरळायला लागला, मग कोसळला. अंगाला हात लावला तर तापल्या तव्यासारखं. थर्मामीटरवर १०६ च्या वर. हाक मारली की नुसता कण्हायचा, डोळे उघडत नव्हता.

अशा वेळी हात आपोआप चालतात. कपडे काढले, ओली चादर टाकली, दोन पंखे अंगावर लावले, लसीच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या पिशव्या मानेला, काखेत, जांघेत. डॉक्टरांनी सलाईन सुरू केलं, साखर तपासली. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नसतो, कारण हा ताप आतून आलेला नसतो. धुळ्याला पाठवायचंच होतं, पण १०८ ची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. ते एका परीनं बरंच झालं. उष्माघातात आधी गार करायचं, मग हलवायचं.

मी सलाईनचा वेग बघायला वळले आणि पुन्हा पाहते तर म्हातारे वडील स्टीलचा पेला पोराच्या ओठांना लावतायत. मी पेला हिसकावला. इतक्या जोरात, की तो फरशीवर आपटून खाटेखाली गडगडत गेला.

वॉर्ड गप्प झाला. मग एकदम गलका. “अहो, पाणी तरी पाजू द्या!” शेजारच्या खाटेवरची बाई तर माझ्या अंगावरच आली.

म्हातारबाबा ओरडले नाहीत. हात जोडून म्हणाले, “माय, त्याले तीस लागेल शे.” तीस म्हणजे तहान.

शुद्ध नसलेल्या माणसाला गिळता येत नाही. तोंडात घातलेलं पाणी श्वासनळीतून फुफ्फुसात जातं आणि उन्हातून वाचलेला जीव पाण्यानं जातो. हे मी त्यांना सांगितलं. हातातली नळी दाखवली, “बाबा, इथून पाणीच जातंय त्याला.” ते नळीकडे बघत राहिले. नळीतलं पाणी त्यांच्या लेखी पाणी नव्हतं. त्यांना भीती वेगळीच होती, ते न बोलताही कळत होतं. पोरगा जाणार असेल तर तोंडात पाण्याचा थेंब न पडता जाऊ नये.

आणि मला तेव्हा, खरं सांगते, शिकवणीतल्या सिस्टर आठवल्या नाहीत. आठवला तो क्रूसावरचा येशू. ‘मला तहान लागली आहे’ म्हणतो तेव्हा त्याला कुणी पेला देत नाही. आंबेत, म्हणजे आंबट झालेल्या द्राक्षारसात, भिजवलेला स्पंज काठीला लावून ओठांपर्यंत नेतात. लहानपणी गुड फ्रायडेला ते वाचन ऐकताना मला त्या माणसांचा राग यायचा.

पोराला कुशीवर वळवलं. गॉजचा तुकडा पाण्यात बुडवून घट्ट पिळला आणि बाबांच्या हातात दिला. “फक्त ओठांवर फिरवायचं. थेंब आत जाता कामा नये.” त्यांचा हात थरथरत होता, पण थेंब गळू दिला नाही. गॉज सुकलं की माझ्याकडे धरायचे, मी भिजवून, पिळून द्यायचे. मध्येच चादर पुन्हा ओली करायची, ताप बघायचा. १०५. मग १०४. चाळीसेक मिनिटांनी १०२ झाला तसे बर्फ काढले, नाहीतर हुडहुडी भरते.

साडेतीनच्या पुढे कधीतरी त्यानं डोळे उघडले. डॉक्टरांनी नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. खोकायला लावलं. पाठीशी उशी देऊन त्याला बसवलं आणि मी चमचाभर पाणी त्याच्या जिभेवर सोडलं. गळ्याची घाटी वरखाली झाली. खोकला नाही. थांबले. दुसरा चमचा. त्यानं डोळ्यांनीच आणखी मागितलं.

तेवढ्यात १०८ आवारात शिरली. मूत्रपिंडांना काही झालंय का ते धुळ्यालाच कळणार होतं. मी कागद भरायला उठले तर बाबांनी चमच्याकडे बोट केलं.

“आते मी पाजू का?”

वाटी त्यांच्या हातात दिली. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. “दोन मिनिटं,” मी खिडकीतून ओरडले.