मंगळवारी सहाला बंद

रविवार, रात्री

मंगळवार ठरला. त्या दिवशी ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमधलं मॅजिक किंगडम पार्क संध्याकाळी सहाला बंद होतंय. रात्री हॅलोविनची पार्टी आहे आणि तिचं तिकीट वेगळं. एका दिवसासाठी शंभराच्या वर डॉलर मोजून येणारी मंडळी असा दिवस टाळतात. रात्रीचे फटाके नाहीत, रोषणाई नाही, मग तेवढ्याच पैशात अर्धा दिवस का घ्यायचा, हा त्यांचा हिशोब अगदी बरोबर आहे. आणि म्हणूनच आम्हा वार्षिक पासवाल्यांना नेमका तोच दिवस लागतो. दुपारपर्यंत रांगा आखूड. चार वाजता पार्टीवाले आत यायला लागतात, की आपण निघायचं.

त्यात सप्टेंबर. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात, उन्हाळी पाहुणे परत गेलेले असतात, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगची गर्दी लांब. उरतो तो उकाडा आणि दुपारचा वळीव. तो आपल्याला काय नवा आहे!

माझा पास सगळ्यात स्वस्तातला, पिक्सी डस्ट नावाचा. तो फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना मिळतो, पैसे महिन्याच्या हप्त्याने भरता येतात, पण शनिवार-रविवार आणि सणासुदीला चालत नाही. लोक यावर नाकं मुरडतात. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शनिवार-रविवारच्या पाळ्या करते आणि मला सुटी मिळते ती मंगळवार-बुधवारची, त्यामुळे हा पास जणू माझ्यासाठीच काढलाय. नवरा त्या दिवशी ऑफिसात, मुलगी कॉलेजला दुसऱ्या गावी. तेव्हा एकटी का जातेस या प्रश्नाचं पहिलं उत्तर इतकंच, की मंगळवारी सकाळी साडेनऊला आणखी कोण मोकळं असतं? दुसरं उत्तर जरा लांबचं आहे.

नुसता पास असून भागत नाही. कुठल्या दिवशी कुठलं पार्क, याचं आरक्षण आधी करावं लागतं आणि माझ्या पासावर एका वेळी तीनच आरक्षणं हातात ठेवता येतात. दुपारी दोननंतर मात्र आरक्षणाशिवाय जाता येतं (मॅजिक किंगडमला शनिवार-रविवारी तेही नाही, पण ते मला लागूच नाही). माझी पद्धत अशी: दोन आरक्षणं नक्की करायची आणि तिसरं मोकळं ठेवायचं. एखाद्या बुधवारी सकाळी उठल्यावर हवा बरी वाटली तर फोनवर बघायचं कुठे जागा आहे ते.

आणि मग वहीत एकच ओळ लिहायची. त्या दिवशी कशासाठी जायचं, ते. मंगळवारची ओळ आहे: खिडक्या.

गेल्या डिसेंबरात धाकटे दीर, जाऊबाई आणि मुलं पुण्याहून आली होती. तेव्हाचा आराखडा अजून लॅपटॉपवर आहे. रंगीत रकाने, मिनिटामिनिटाचा हिशोब, सकाळी सातला फोन घेऊन लायटनिंग लेनच्या (जादा पैसे भरून मिळणाऱ्या आखूड रांगेच्या) वेळा पकडायच्या, बारा पस्तीसला जेवण, एकला पायरेट्सची बोटीतली सफर. मी त्याची टर उडवत नाहीये. वीस-बावीस तासांचा प्रवास करून, एवढा खर्च करून येणाऱ्या माणसाने दिवसाचा कण न् कण वसूल करायलाच हवा. मजाही आली आम्हाला. पण माझ्या घरापासून पार्किंग पाऊण तासावर आहे. मी तसाच दिवस काढायचा ठरवला, तर दर आठवड्याला स्वतःच्याच पाहुण्यासारखं वागावं लागेल.

पासाचा खरा फायदा पैशात मोजू नये असं माझं मत आहे. किती वेळा गेलं की पास फिटतो, याचं गणित घालणारे पुष्कळ भेटतात, आणि त्या गणितात अडकलेली माणसं ताप अंगात असताना पार्कात फिरताना पाहिली आहेत. पासामुळे काही न बघता परत येता येतं, हे मोठं आहे.

मंगळवार

पिशवीत रेनकोट, मोज्यांचा जादा जोड, पाण्याची बाटली, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं. बाहेरचं खाणं इथे आत नेऊ देतात, फक्त दारू आणि काचेची भांडी चालत नाहीत. लोणचं म्हणून प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत. मोज्यांचा जादा जोड हा या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा जिन्नस. ओल्या मोज्यांनी सात-आठ किलोमीटर चालून बघा.

गाडी ‘जाफर’मध्ये लावली. पार्किंगच्या भागांना खलनायकांची आणि नायकांची नावं आहेत. परतताना दमलेली कुटुंबं ‘आपण जाफर की स्कार?’ यावर भांडताना ऐकू येतात. इथून पार्क दिसतही नाही. आधी सुरक्षा तपासणी, मग मोनोरेल किंवा फेरीबोट, मधे सेव्हन सीज लगून हे खोदून केलेलं तळं. घाई असली की मोनोरेल. आज बोट. वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभी राहिले, किल्ला समोरून हळूहळू मोठा होत गेला.

या तळ्याची माती पार्काच्या पायात गेली आहे. इथे जमिनीखाली लगेच पाणी लागतं म्हणून तळघर खणता येईना. मग कर्मचाऱ्यांच्या वाटा, कपडेपट, कचऱ्याच्या नळ्या असं सगळं मूळ जमिनीच्या पातळीवर बांधलं आणि त्यावर भर घालून वर पार्क केलं. म्हणजे आपण रस्ता समजून चालतो तो खरं तर दुसरा मजला. हे कळल्यापासून मी तिथे पायाखाली जरा आदराने बघते.

तर खिडक्या. दारातून आत आलं की मेन स्ट्रीट लागते, आणि सगळे जण नाकासमोर किल्ल्याकडे धावतात. दुकानांच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांवर रंगवलेली अक्षरं असतात. कुणी शिंपी, कुणी जमिनीचा दलाल, कुणी संगीत शिकवणारा. धंदे खोटे, माणसं खरी. ज्यांनी हे पार्क उभं केलं त्यांची नावं अशी लपवून ठेवली आहेत, सिनेमाच्या शेवटी नामावली येते तशी. कुटुंब बरोबर असताना मान वर करून उभं राहिलं की मागून ढकलगाडी घोट्यावर आदळते आणि ‘आई, चल ना’ सुरू होतं.

मला हवी होती ती खिडकी सापडायला वेळ लागला. एम. टी. लॉट, रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट्स. भराभर म्हणून बघा, ‘एम्टी लॉट’, रिकामा भूखंड. खाली उपकंपन्यांची यादी. 1964-65 साली डिस्नेने इथली सत्तावीस हजारांवर एकर जमीन खोट्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप घेतली, कारण खरं नाव फुटलं असतं तर भाव आभाळाला भिडले असते. ऑक्टोबर 1965 मध्ये ऑरलँडोच्या वर्तमानपत्राने ते फोडलंच. त्या कंपन्यांची नावं ही अशी खिडकीवर, उजळ माथ्याने. त्यातलं एक आहे आयफोर कॉर्पोरेशन. आय-फोर म्हणजे ज्या हायवेवर मी सकाळी ट्रॅफिकमध्ये दात-ओठ खात बसले होते, तोच! मी तिथे एकटीच मोठ्याने हसले. बाजूच्या फुगेवालीने बघितलं आणि तीही हसली, कशाला ते न कळता.

साडेअकरापर्यंत खिडक्याच. मग ऊन चढलं, म्हणून पार्काच्या टुमॉरोलँड भागात पीपलमूव्हर, उंचावरून संथ फिरणारी छोटी गाडी. माझ्यासारख्या एकट्या बाईला या पार्कात याहून चांगली जागा नाही. सरकत्या पट्ट्याने वर जायचं, फिरत्या फलाटावरून गाडीत बसायचं. गाडीला इंजिन नाही, रुळात बसवलेली विद्युतचुंबकं तिला पुढे ढकलतात, 1975 पासून. दारावरच्या मुलाने ‘किती जण?’ विचारलं, मी एक बोट दाखवलं, आणि त्याने अख्खा डबा मला दिला. पाय लांब केले. गाडी स्पेस माउंटन या रोलरकोस्टरच्या काळोखातून जाते तेव्हा आतल्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात. आपण मात्र वाऱ्यावर. वाटेत काचेआड एका शहराची प्रतिकृती लागते, छोट्या इमारती, दिव्यांचे ठिपके. वॉल्ट डिस्नेला खरं शहरच वसवायचं होतं, एपकॉट त्याचं नाव. तो 1966 च्या डिसेंबरात गेला, शहर राहूनच गेलं, आणि 1982 साली त्या नावाचं पार्क झालं. मुलांना ही प्रतिकृती दाखवेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. मी दुसरी फेरी फक्त तिच्यासाठी मारली.

पुऱ्या सावलीतल्या बाकावर खाल्ल्या. समोरच्या काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट देतात.

एकटीने येण्याचे तोटेही लिहून ठेवते, नाहीतर ही रोजनिशी जाहिरात होईल. रांगेत उभं असताना बाथरूमला जायचं झालं तर जागा धरायला कुणी नाही. म्हणून अर्ध्या तासाच्या वर रांग असेल तर मी उभीच राहत नाही. मॅजिक किंगडममध्ये एकट्यांची वेगळी रांगही नाही. अ‍ॅनिमल किंगडम या डिस्नेच्याच दुसऱ्या पार्कात एव्हरेस्ट नावाच्या रोलरकोस्टरवर असते, तिथे जोडीजोडीच्या बाकांवर उरलेल्या एका जागेत आपल्याला बसवतात. हॉलिवूड स्टुडिओज पार्कात स्मगलर्स रन या यान चालवायच्या खेळाला असते, पण तिथली गंमत वेगळी. सहा जणांचं यान, दोघं चालवणार, दोघं गोळ्या झाडणार, मागचे दोघं दुरुस्ती करणार. पुढच्या जागा कुटुंबवाल्यांना, एकटं आलेलं माणूस बहुतेक वेळा मागे. मागच्या वेळी पुढे दोन भावंडं होती. एकाकडे डावं-उजवं, दुसऱ्याकडे वर-खाली, आणि दोघांचं आपापसात पटत नव्हतं. यान दिसेल त्यावर आपटत होतं. मी बाजूच्या भिंतीवर लाल होणारी बटणं दाबत राहिले, पडद्याकडे बघायला फुरसतच नाही. उतरल्यावर त्यांच्या आजोबांनी माझ्याशी हात मिळवला.

अडीचला ढग भरून आले. वीज जवळ आली की उघड्यावरचे सगळे पाळणे बंद होतात आणि लोक दुकानांत कोंबले जातात. मी कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये. 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला हा खेळ, रंगमंच जागेवर आणि प्रेक्षकच त्याच्याभोवती फिरतात. एकाच घरातली माणसं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढे, आणि दर अंकात बाप नवी नवी यंत्रं दाखवून सांगतो, याहून चांगलं आता काय असणार! बाहुल्या जुन्या झाल्यात, विनोद त्याहून जुने. तरी मला तो बाप आवडतो. वीसेक मिनिटं थंडगार अंधार, खुर्ची, बाहेर धो धो पाऊस. पुढच्या रांगेत एक काका घोरत होते.

पाऊस ओसरला तेव्हा सव्वातीन. मोजे बदलले आणि निघाले. दाराबाहेर समोरून पार्टीवाले यायला लागलेच होते, चेटकिणी, समुद्री चाचे, एक अख्खं कुटुंब भोपळ्यांच्या वेशात. घरी पोहोचले तेव्हा नवरा अजून मीटिंगमध्ये होता. एकाही मोठ्या पाळण्यात बसले नाही आज.

बुधवार

आईचा फोन. आमच्याकडे सकाळ, सांगलीत संध्याकाळ.

“काल परत गेली होतीस म्हणे त्या जत्रेत?”

“हो गं.”

“एकटीच?”

“एकटीच.”

“आणि तीनला परत? वर्षाचे पैसे भरलेत ना? दिवसभर तरी राहायचंस.”

मी तिला खिडक्यांचं सांगितलं. खोट्या कंपन्या आणि जमिनीचा भाग तिला फार आवडला. आमच्याकडे बायपासच्या वेळी असंच झालं होतं म्हणाली, आणि मग बायपासच्या वेळी कुणी कुणाच्या नावावर काय घेतलं हे वीस मिनिटं ऐकलं. शेवटी खाल्लं काय, हे विचारलंच. पुऱ्यांवर समाधान झालं.

पुढच्या आठवड्याची ओळ: वाघ. अ‍ॅनिमल किंगडम, उघडल्या उघडल्या. तिथे आशियाच्या भागात आनंदपूर नावाचं कल्पित गाव आहे, आणि त्यात महाराजा जंगल ट्रेक ही पायवाट. पडक्या राजवाड्याच्या भिंती, रंग उडालेली चित्रं, मोठी वटवाघळं, पुढे सुमात्राचे वाघ. ऊन तापलं की वाघ सावलीत आडवे होतात, म्हणून सकाळी. बहुतेक लोक दार उघडताच पँडोरा या ‘अवतार’ सिनेमावरच्या भागाकडे नाहीतर सफारीकडे पळतात, तेवढ्यात ही वाट रिकामी मिळते. पडझड इतकी हुबेहूब केली आहे की पहिल्यांदा मला राग आला होता. आमच्याकडे पडके वाडे खरे आहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही, असं काहीतरी मनात आलं होतं. आता राग नाही, पण त्या भिंतींपाशी मी अजून थांबते.

हे आईला सांगितलं तर म्हणाली, “जानेवारीत येतेय तेव्हा मला तो वाघ दाखव. बाकी काही नको. आणि ते पाळणे तर नकोच नको.”

म्हणजे दाराशी व्हीलचेअर भाड्याने घ्यावी लागेल, ती लवकर संपते का ते विचारायचं. तिचं एका दिवसाचं तिकीट तारखेचं असतं, ते आधी काढायचं. आणि नव्या वर्षाच्या आसपास माझा पास चालत नाही, तेव्हा कॅलेंडर बघून पहिला मोकळा मंगळवार धरायला हवा.