फुगडीवालीची नात

नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान झालं की पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. तिथून फलटणपर्यंत यंदा मी आमच्या गावच्या दिंडीत चालले. गाव माण तालुक्यातलं, दिंडी रथामागची. आजी याच दिंडीत चालायची. गेल्या माघात ती गेली, ९२ वर्षांची होऊन.

दहाव्याला जो तो म्हणत होता, "म्हातारीची वारी चुलीपाशीच झाली." ऐकायला बरं वाटतं, पण आजीला ते मुळीच पटलं नसतं. साठी उलटेपर्यंत तिला कुणी जाऊच दिलं नव्हतं. म्हशी, पोरंबाळं, अंथरुणाला खिळलेले सासरे. वर आजोबांचा सावतोबांचा दाखला ठरलेला : सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, आजही विठ्ठलाचीच पालखी त्यांना भेटायला अरणला जाते. आजी भाकरी थापता थापता विचारायची, "आन् सावतोबाच्या घरात भाकरी कोण थापत हुतं? तिला भेटाया कोण गेलं?" मग आजोबांना तंबाखूची पिशवी सापडेनाशी व्हायची.

धाकटी काकू घरात रुळली आणि पुढच्याच जेठात आजीने तुळस डोक्यावर घेतली. गुडघे चालले तोवर एकही वारी चुकवली नाही. आम्हाला त्यातलं कळायचं ते एवढंच, की आजी परतली की प्रसादाचे चुरमुरे-बत्तासे मिळतात.

लोणंद सोडून चांदोबाच्या लिंबाला पोचलो. वाटेवरचं पहिलं उभं रिंगण इथं. रस्त्याच्या दोन्ही कडांना दिंड्या उभ्या, मधून दोन अश्व दौडत गेले आणि माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला वाकली. मी वाकून उठते तोच शेजारच्या गोंदलेल्या हाताने माझं मनगट धरलं. "तू आमच्या फुगडीवालीची नात न्हवं?"

फुगडीवाली? आमची आजी? जिचा पदर आजोबांसमोर कधी डोक्यावरून ढळला नाही ती?

"रिंगण झालं की पयली फुगडी तिचीच. दोघी दमवायची, मग तिसरी मागायची." मावशींनी मला तिथंच शिकवायला घेतलं. हातांची फुली कर, टाचा जुळव, अंग मागं टाक. "बोटं धरू नगंस, सुटत्यात. मनगाट धर. तिनंच शिकवलं मला." आभाळ, पताका, मावशींचे तपकिरी दात, सगळं गरगरलं. चार गिरक्यांत माझा दम संपला. मावशी सत्तरीच्या पुढच्या असतील. त्या नुसत्या हसत होत्या.

तरडगावच्या मुक्कामाला पंगतीत दिंडीचालक शेजारी बसले. आजीच्या भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाण्याच्या वर्गणीचे, पैसे मुलगे देत असतील, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मुलग्यांना वाटायचं, आजोबा देतात. "छे हो," ते म्हणाले, "तूप विकून साठवायच्या माउली. आळंदीला पोचल्या की कनवटीची गाठ सोडून नोटा मोजून द्यायच्या. एकदा मी घेत नव्हतो, तर रागावल्या." हेही घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या आठवणीतली आजी कायम ताट वाढताना वाकलेलीच दिसते, आणि त्याला आम्हीच कारण आहोत.

फलटणला मी एसटीकडे निघाले, तर मावशी वाट अडवून उभ्या. "पावण्यावानी मधीच काय येतीस? फुडल्या साली आळंदीपासनं ये. आन् भिशी आदी भर, तुझ्या आजीवानी."