न्यूग्रेंजच्या आत

आज न्यूग्रेंज पाहिलं. आयर्लंडमध्ये, बॉइन नदीच्या वळणावर, हिरव्यागार कुरणांमधलं हे थडगं इ.स.पू. ३२००च्या आसपासचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनं. बाहेरची पांढऱ्या गारगोटीची भिंत १९७०च्या दशकात पुन्हा रचलेली आहे, ती मला जरा जास्तच चकाचक वाटली. पण आत शिरल्यावर बोलतीच बंद झाली!

१९ मीटरचा अरुंद बोळ. अंग चोरून, दोन्ही बाजूंच्या उभ्या शिळांना खांदे घासत पुढे सरकायचं. शेवटच्या दालनात वर पाहिलं तर दगडावर दगड थोडा थोडा आत सरकवत नेलेलं सहा मीटर उंच छत. चुना नाही, काही नाही. छताच्या दगडांवर पाणी वाहून जायला खोबणी कोरल्यात, फटींत भाजलेली माती आणि समुद्राची वाळू भरलीय. पाच हजार वर्षांत आत ओल नाही! कोण असतील हे गवंडी?

दाराच्या वर एक छोटा झरोका आहे. बोळ चढत जातो, त्यामुळे दालनाची जमीन थेट या झरोक्याच्या पातळीला येते. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण त्यातून पार आतपर्यंत पोचतो, साधारण १७ मिनिटं. उत्खनन करणाऱ्या मायकेल ओ'केली यांनी १९६७च्या डिसेंबरात हे स्वतः आत उभं राहून पाहिलं. आम्हाला दिवे मालवून विजेच्या प्रकाशाने दाखवलं, तरी अंगावर काटा आला.

खऱ्या सूर्योदयाला सोडत काढून मोजक्याच लोकांना आत घेतात. मी नाव देणार आहे. कुणाला यायचं असेल तर तुम्हीही द्या!